रस्त्यापलीकडचं घर

घराला किंमत लावणारा माणूस दारात उभा राहिला, की घरातली बाई आधी पलंगावरची चादर ताणून घेते. टेपमास्तरांनी पंचवीस वर्षांत हे इतक्यांदा पाहिलं होतं, की ते मुद्दाम उंबऱ्याशी चपला काढायला वेळ लावत. तेवढ्यात चादर नीट होई, भिंतीवरचा ओलीचा डाग कॅलेंडरखाली जाई आणि चहात एक चमचा साखर जास्तीची पडे. चादरीनं नि साखरेनं घराची किंमत कवडीनंसुद्धा वाढत नाही, पण हे सांगून कुणाचा हिरमोड कशाला करा? कॅलेंडर मात्र ते उचलून बघत.

घर घ्यायला कुणी कर्ज मागितलं, की त्या घराची खरी किंमत किती हे ठरवायला बँक बाहेरचा माणूस पाठवते. तो सांगेल त्या किमतीच्या शंभरातले ऐंशी बँक देते, बाकीचे वीस घेणाऱ्यानं आणायचे. तो बाहेरचा माणूस म्हणजे टेपमास्तर. पिशवीत स्टीलची टेप, कागद लावायची पाटी आणि कानावर पेन्सिल. नव्या पोरांकडे भिंतीवर लाल ठिपका पाडून माप सांगणारं यंत्र आलं होतं. मास्तर म्हणत, "ठिपक्याला भिंत किती लांब ते कळतं. भिंत किती वाकडी ते हाताला कळतं."

हा मापाचा तोरा त्यांनी वडिलांकडून घेतला होता. वडील शिंपी. कमरेचं माप द्यायला उभं राहिलं की गिऱ्हाईक हटकून पोट आत ओढतं. वडील टेप गळ्यातच ठेवत आणि एखादा विनोद सांगत. गिऱ्हाईक खो खो हसे, पोट आपल्या जागी येई, आणि मग टेप फिरे. "श्वास धरून काढलेलं माप फसवं," ते म्हणत. "माणूस आयुष्यभर श्वास धरून बसत नाही. कधीतरी सोडतो, आणि मग शिवण उसवते." मशीनच्या दोन बाजूंना बसून मास्तर आणि त्यांची धाकटी बहीण हे ऐकत मोठी झाली. बहीण कापडातच राहिली, लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवू लागली. भाऊ भिंती मोजू लागला.

साबणाच्या बंद कारखान्यामागं बारा घरांची एक ओळ आहे. एकाला एक चिकटलेली घरं, खाली दोन खोल्या, वर दोन, मागं कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. समोर मोठा रस्ता. रस्त्यापलीकडे सुटी घरं आहेत, प्रत्येकाला फाटक, दारात दोन झाडं, गाडी ठेवायला जागा. सिग्नल लाल असला तर इकडून तिकडे जायला दीड मिनिट लागतं. पण इकडच्या माणसाला तिकडे राहायला जायचं तर आयुष्य लागतं.

सहा वर्षांपूर्वी या ओळीतलं चार नंबरचं घर विकायला निघालं. विकणारा बसचा निवृत्त ड्रायव्हर. घासाघीस होणारच म्हणून त्यानं बावन्न लाख सांगितले. पण त्या वर्षी व्याज स्वस्त होतं, विकाऊ घरं मोजकी आणि घेणारे ढीगभर. औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि त्याची शिक्षिका बायको, दोघं घासाघीस न करताच "घेतो" म्हणाली. ड्रायव्हरला त्या रात्री झोप लागली नाही म्हणतात. साठ का नाही सांगितले म्हणून.

बँकेतून मास्तरांकडे फॉर्म आला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, बावन्न. पेन्सिलीनं, म्हणजे खोडता यावं.

"मास्तर, मी काही सांगत नाही हं," कर्ज खात्याचे साहेब म्हणाले. त्यांना सगळे कर्जसाहेब म्हणत. "कोपऱ्याकडं फक्त लक्ष असू द्या. नाहीतर ही मंडळी समोरच्या बँकेत जातील, आणि आमचे वरचे म्हणतील की टेपवाल्यांपेक्षा ते लाल ठिपकेवाले बरे."

किंमत लावायची पद्धत अशी, की आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तीन घरांचे दाखले द्यायचे. त्या ओळीत दोनच विक्र्या झाल्या होत्या, एक एकोणचाळीसला, एक एक्केचाळीसला. म्हणजे घर होतं चाळिसाचं. मास्तरांना ते दारातूनच कळलं होतं. पण तिसरा दाखला हवा होता, आणि तो कोपऱ्यातला बावन्न घामोळ्यासारखा टोचत होता.

मास्तर सिग्नलला दीड मिनिट उभे राहिले आणि रस्ता ओलांडून गेले. पलीकडचं लहानात लहान घर साठाला विकलं गेलं होतं. दाखला चारशे मीटरच्या आतला असावा असा नियम. हे दीडशेत बसत होतं. 'त्याच परिसरातील' या चौकोनात त्यांनी बरोबरची खूण केली. खोटं काय लिहिलं? एक अक्षर नाही. फक्त मधला रस्ता तेवढा गिळला. जिन्याखालचं कपाट नि वरची गच्ची जरा हात सैल सोडून धरली, आणि बेरीज बावन्नला जाऊन टेकली.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जेवताना वडिलांची आठवण काढली नाही. एरवी आमटीत मीठ जास्त झालं तरी काढत.

पुढं जे झालं त्यासाठी मास्तरांना काही करावंच लागलं नाही. नऊ नंबर विकायला निघालं, तेव्हा दाखला म्हणून चार नंबर हजर होतं. रस्ता ओलांडायची गरजच उरली नाही. नऊ छप्पन्नला गेलं. दोन नंबरला दुसरा मूल्यांकनवाला आला, लाल ठिपकेवाला. त्यानं चार आणि नऊ दोन्ही दाखले जोडले, दोन साठाला गेलं. आपलाच आकडा मास्तरांकडे पुरावा बनून परत आला. लहानपणी घरातून पळालेला पोरगा मिशा फुटून दारात यावा, तसा तो ओळखूसुद्धा येईना.

आणि ज्यांना घर विकायचंच नव्हतं, त्यांनाही कळलं की आपण बसल्याजागी श्रीमंत झालो. घराची किंमत वाढली, म्हणजे त्याच घरावर आणखी कर्ज मिळतं. पाच नंबरनं फरशी बदलली. अकरा नंबरनं स्वयंपाकघर पाडून नवं केलं, सहानं गाडी आणली. फरशीवाला, रंगवाला, सुतार, सोफ्याचं दुकान, सगळ्यांचे हात कामाला पुरेनात. पगार कुणाचा वाढला नव्हता, भिंती वीतभर पुढं सरकल्या नव्हत्या. वाढला होता कागदावरचा एक आकडा, आणि त्याच्यावर अख्खा बाजार उभा राहिला होता. मास्तरांच्या घरातही मोठा फ्रीज आला. कामंच तेवढी येत होती.

सगळ्यात जोरात चालले धाकटीचे पडदे. नवं घर म्हटलं की नव्या खिडक्या आणि नव्या खिडक्या म्हटलं की पडदे. तिनं चार मशिनं घेतली, हाताखाली दोन बायका ठेवल्या. तिचा नवरा सोफ्याच्या दुकानाची गाडी चालवत असे, तो म्हणायचा, "आधी मी सोफा टाकतो, मागून ही पडदा लावते. त्या घरात आता फक्त माणसंच राहायची बाकी." भाड्याच्या दोन खोल्यांत मशिनं मावेनात. एका दुपारी धाकटी भावाकडे आली.

"दादा, सात नंबर निघालंय विकायला. चौसष्ट म्हणतात. जास्त वाटतंय का रे?"

"दोन नंबर साठाला गेलं की."

"ते मला ठाऊक आहे. बाजारभाव नाही विचारत. तुला विचारतेय. तू घर नुसतं बघून सांगतोस."

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. चाळीस, फार तर बेचाळीस. पण तेवढं म्हटलं की ती विचारणार, मग साठ कसे? मग चार नंबर. मग तो रस्ता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घरांचे भाव कधी उतरलेत का गं?" ते म्हणाले.

धाकटीचा चेहरा असा उजळला, की त्यांना बघवेना. भाजी निवडत बसलेल्या बायकोनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, आणि परत शेंगेची शीर ओढली.

सात नंबरच्या घराला मास्तरांनी टेप लावली नाही. सख्ख्या बहिणीचं घर मोजायचं नाही असा नियम आहे, तो त्यांनी कसोशीनं पाळला. लाल ठिपकेवाल्यानं चौसष्ट लिहिले. पुढं कितीतरी दिवस मास्तर स्वतःला हेच बजावत राहिले, की त्या घराला आपण हातसुद्धा लावलेला नाही.

व्याज बदलतं असतं, हे कर्जाच्या कागदावर लिहिलेलं असतं. तेही बारीक अक्षरात. दोन वर्षांत व्याज चढत गेलं आणि हप्त्याला जिथं हजार जात तिथं दीड हजार जाऊ लागले. माणसं हप्ता चुकवत नाहीत हो, आधी बाकी सगळं चुकवतात. आधी बाहेरचं जेवण गेलं, मग रंग, मग नवी कपाटं. पडदा तर बोलूनचालून अशी वस्तू, की नसला तर जुनी चादर टांगता येते. धाकटीच्या हाताखालच्या दोघी घरी बसल्या. त्यांच्या घरचा किराणा निम्म्यावर आला, म्हणून वाण्यानं हात आखडला. सोफ्याचं दुकान बंद झालं, धाकटीचा नवरा रोजंदारीवर दुसऱ्याची गाडी हाकू लागला. ज्यांनी एक पैसा कर्ज घेतलं नव्हतं, त्यांचीही कामं गेली. मग ओळीतली चार घरं एका महिन्यात विकायला निघाली. एकानं काढलं तर सौदा होतो, चौघांनी काढलं तर लिलाव. दाखल्यांच्या शिडीनं आकडे जसे चढले होते, तसेच त्याच शिडीनं उतरले.

मास्तर त्या ओळीवरून जायचे बंद झाले. बँकेत जायला वीस मिनिटांचा वळसा घेऊ लागले. "चाललं की तब्येतीला बरं," ते म्हणत.

"तब्येतीला की तोंडाला?" बायको विचारी.

एक दिवस धाकटी आली, ती मागच्या दारानं. साडी नीटनेटकी, हातात रिकामी पिशवी. तीन मशिनं विकून झाली होती, एक उरलं होतं. घर विकून मोकळं व्हावं म्हटलं तर घराचे एक्केचाळीस येत होते आणि कर्ज उरलं होतं सत्तेचाळीस. म्हणजे घर गेल्यावरही सहा लाख फेडतच बसायचं.

"मीच हावरट," ती वहिनीला म्हणाली, पण ऐकवलं भावाला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाबा सांगायचे. मी तर अंथरूणच दुसऱ्याचं घेतलं. समोरच्या घरांकडं बघायलासुद्धा लाज वाटते. दिवसा पडदे ओढून बसते, आपलेच शिवलेले."

आता बोलायला हवं होतं. मास्तर उठले, आत गेले, आणि डब्यातून पैसे काढून आणून तिच्या पिशवीत घातले. ती नको नको म्हणाली, मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे, दादा."

एखाद्यानं मुस्काटात मारली असती तर ते मास्तरांना सोसलं असतं. हे वाक्य सोसेना. ती गेल्यावर बायको कपबशा उचलत म्हणाली, "बिचारीनं भाव विचारला होता. तुम्ही म्हण सांगितलीत."

त्याच महिन्यात मुख्य कचेरीतून एक तपासणी करणाऱ्या बाई बँकेत येऊन बसल्या. बुडीत निघालेली कर्जं का बुडाली ते त्यांना पाहायचं होतं. कर्जसाहेबांची केव्हाच बढतीवर बदली झाली होती. बाईंनी मास्तरांना बोलावलं. टेबलावर चार नंबरचा जुना रिपोर्ट होता. औषधाच्या दुकानातल्या त्या जोडप्याचं घर बँकेनं ताब्यात घेतलं होतं.

"हे तिसरं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूचं?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. बेरीज तपासावी तशा विचारत होत्या.

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. 'बघून सांगतो' म्हणता आलं असतं. 'फार जुनी गोष्ट, आठवत नाही' म्हणता आलं असतं. लाल ठिपकेवाल्यानं तेच म्हटलं होतं आणि तो सुटला होता.

"पलीकडच्या," ते म्हणाले.

"चूक झाली?"

"नाही. चालत गेलो होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या ओळीतल्या सात कर्जांच्या कागदांत हे चार नंबर दाखला म्हणून जोडलंय. तुम्हाला माहीत होतं?"

"मोजलेलं आहे मी. सात."

हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून द्याल का, बाईंनी विचारलं. दिलंत तर या सात घरांची मुदत वाढवून हप्ता कमी करावा, असं मी वर मांडू शकेन. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. तुमचं नाव मात्र बँकेच्या यादीतून नक्की जाईल. एका बँकेनं काढलं की बाकीच्याही काढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मास्तरांनी लिहून दिलं. एक पान पुरलं. सहा वर्षं जे गळ्यात अडकलं होतं ते एका पानाचं निघालं, याचीच त्यांना जास्त शरम वाटली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं पाणी दिलं. "चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "बँकेला सांगितलंत. जिनं विचारलं होतं, तिला?"

"तिला बँकेकडून कळेलच."

"अहो, कळेल ना! मग तुम्ही कशाला?" ती म्हणाली, आणि टेपची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली.

मास्तर त्या ओळीत शिरले तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि सात नंबरचे पडदे ओढलेले होते. पडद्यांची शिवण सरळ होती, वडिलांच्या हातासारखी. धाकटीनं दार उघडलं, भावाला पाहिलं, आणि आत जाऊन पहिल्यांदा पलंगावरची चादर ताणून घेतली.

मास्तर घाईनं आत आले. "नको गं," ते म्हणाले. "बस. बोलायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. कोपऱ्यातला बावन्न, एकोणचाळीस आणि एक्केचाळीस, सिग्नल, पलीकडचं साठाचं घर. मग चारवरून नऊ, नऊवरून दोन, दोनवरून सात. शेवटी बँकेत लिहून दिलेलं पान, आणि वरच्यांनी ऐकलं तर हप्ता कमी होईल हेही. तू हावरट नव्हतीस, ते म्हणाले. तू विचारून घेतलंस. अंथरूण तू मोजलंच होतंस, टेप माझी खोटी होती.

धाकटी बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. बाहेरून एक गाडी गेली, खिडकीची काच थरथरली.

"मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आकडा माहीत होता? म्हणजे अमुक इतके लाख, असा?"

"चाळीस. फार तर बेचाळीस."

"आणि मघा... त्या दिवशी मी तुला म्हटलं, तू आहेस म्हणून बरं आहे. तेव्हाही?"

मास्तरांची मान खाली गेली ती जाग्यावरच राहिली. दोन वर्षं ही बाई स्वतःच्याच घरात चोरासारखी पडदे ओढून बसली होती, आणि चोर समोरून पैसे देऊन गेला होता, आभार घेऊन.

धाकटी उठली. त्यांना वाटलं, आता ती दार उघडेल. तिनं त्यांच्या पिशवीतून टेप काढली, टोकाची पट्टी ओढून स्वतःच्या हातात धरली आणि डबी त्यांच्यापुढं केली.

"माप घे."

"आता काय उपयोग? बहिणीचं घर मला मोजता येत नाही, आणि आता तर कुणाचंच..."

"बँकेसाठी नाही. मला माझ्या घराची किंमत तुझ्या तोंडून ऐकायचीय. तेव्हा ऐकायची होती, ती."

ती भिंतीशी टोक धरून उभी राहिली, लहानपणी वडिलांच्या दुकानात धरत असे तशी. मास्तर मागं सरकत गेले. बाहेरची खोली, आतली खोली, जिना, वरच्या दोन. ते आकडे बोलत होते आणि ती पडद्याच्या मापांच्या वहीत लिहून घेत होती. जिन्याखालच्या कपाटाशी मास्तर थांबले. ते कपाट म्हणून धरायचं नाही, ते म्हणाले, तिथं माणूस उभा राहत नाही. तिनं ओळ खोडली. वरच्या खोलीत ओलीचा डाग होता, कॅलेंडर नव्हतं. तोही त्यांनी सांगितला आणि तिनं तोही लिहिला.

खाली आल्यावर मास्तरांनी वहीवर बेरीज केली. डोळ्यांपुढं अक्षरं हलत होती म्हणून दोनदा केली.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

तिनं वही मिटली आणि मशीनवर ठेवली. मग खिडकीशी गेली आणि पडदे दोन्ही बाजूंना सरकवले. खोलीत एकदम ऊन आलं. समोरच्या घरातली बाई दारात उभी होती, तिनं इकडं पाहिलं. धाकटीनंही तिच्याकडे पाहिलं, नजर न चुकवता. उन्हात उघडे पडले ते मास्तरच, हातात टेप घेऊन.

"आता घरी जा, दादा," ती म्हणाली. आवाज साधा होता. "वरून काय कळेल ते कळेल. पैसे वहिनीकडे पाठवीन हळूहळू. तू काही दिवस येऊ नकोस."

"बरं," मास्तर म्हणाले.

त्यांनी चपला घातल्या. या वेळी वेळ लावला नाही. ओळीतून जाताना चार नंबरच्या बंद दारावर बँकेचा कागद चिकटवलेला दिसला. तो त्यांनी उभं राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग वळसा न घेता, बाराही घरांसमोरून, सरळ रस्त्यानं घरी गेले.